रिचर्ड व्हाइटिंग

रिचर्ड व्हाइटिंग (मृत्यू: १५ नोव्हेंबर, १५३९) हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील ग्लॅस्टनबरी मठाचे अखेरचे मठाधिपती होते. राजा आठवा हेन्री याने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले, त्या काळात त्यांना देहदंड देण्यात आला.

कारकीर्द

व्हाइटिंग यांचे शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. १५२५ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या संन्याशांनी नव्या मठाधिपतीची निवड कार्डिनल वूल्झी यांच्यावर सोपवली व त्यांनी व्हाइटिंग यांना नेमले. बेनेडिक्टाइन पंथाचा हा मठ उत्पन्नाच्या बाबतीत देशात केवळ वेस्टमिन्स्टरच्या खालोखाल होता. मठाधिपती या नात्याने व्हाइटिंग हे हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्यही होते.

राजसत्तेशी संघर्ष

१५३४ मध्ये हेन्रीने पोपची सत्ता नाकारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख घोषित केले. व्हाइटिंग यांनी हे वर्चस्व मान्य केले. पुढील वर्षीच्या सरकारी तपासणीतही मठाचा कारभार शिस्तबद्ध आढळला. १५३६ च्या कायद्याने वार्षिक २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले. त्यानंतर मोठ्या मठांवर ते राजाच्या स्वाधीन करण्यासाठी दबाव येऊ लागला. वृद्ध व्हाइटिंग यांनी मात्र आपला मठ सोडला नाही.

सप्टेंबर १५३९ मध्ये राजाचे अधिकारी अचानक मठात आले. झडतीत हेन्रीच्या घटस्फोटाविरुद्धचे लेखन आणि दडवलेली चांदीची भांडी सापडल्याचे त्यांनी कळवले. व्हाइटिंग यांना लंडनच्या टॉवरमध्ये नेण्यात आले. खटला उभा राहण्यापूर्वीच मंत्री थॉमस क्रॉमवेल याने आपल्या टिपणात त्यांच्या खटल्याबरोबर देहदंडाचीही नोंद करून ठेवली होती. १४ नोव्हेंबर रोजी वेल्स येथे त्यांच्यावर खटला चालला. ज्या चर्चचे ते रक्षक होते, त्याचीच संपत्ती चोरल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी ग्लॅस्टनबरी टॉर या टेकडीवर जॉन थॉर्न व रॉजर जेम्स या दोन संन्याशांसह त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे शिर मठाच्या प्रवेशद्वारावर लावण्यात आले. १८९५ मध्ये पोप तेरावा लिओ याने त्यांना धन्य घोषित केले.

मठाचे भग्नावशेष

पुढे मठाचे दगड इतर बांधकामांसाठी नेले गेले. मठाधिपतींचे १४ व्या शतकातील स्वयंपाकघर मात्र जवळजवळ अखंड उरले. १९०८ पासून वास्तुविशारद फ्रेडरिक ब्लाय बॉंड यांनी येथे उत्खनन केले. त्यात महाचर्चच्या पूर्व टोकाला एडगर चॅपेलचा पाया सापडला. आधीचे मठाधिपती रिचर्ड बीअर यांनी सुरू केलेले हे चॅपेल व्हाइटिंग यांनी पूर्ण केले होते.