खडकवासल्याच्या गच्चीवरचं सोलर आणि ऊन मोजणाऱ्या अन्ना मणी

खडकवासल्यात गच्चीवर सोलर बसवायचं, तर पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण १८ ते २० अंश. कारण हे गाव साडेअठरा अक्षांशाच्या आसपास आहे आणि कल अक्षांशाएवढा ठेवावा, असा साधा नियम आहे.

पण ढग हा नियम पाळत नाहीत. कोणत्या महिन्यात किती ऊन जमिनीवर पोचतं, ते मोजावंच लागतं. भारतात या मोजणीची घडी बसवली अन्ना मणी यांनी, आणि त्यांचं बरंचसं काम झालं आपल्या पुण्यात.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या आणल्या, तर त्यांनी त्याऐवजी एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं. प्रबंध तयार होता, पण एम.एस्सी. झालेलं नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली.

१९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या. ओढ भौतिकशास्त्राची होती, पण शिष्यवृत्ती मिळाली हवामानाच्या उपकरणांसाठी. १९४८ मध्ये परतून त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. अन्ना मणींनी जवळपास १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे करून घेतले आणि ती इथेच बनू लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं.

१९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, पण काम थांबलं नाही. १९८० आणि १९८२ मध्ये भारतातल्या सौर प्रारणावरचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ आले.

त्याचा आपल्या गच्चीशी काय संबंध? मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य खडकवासल्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेकडे कललेल्या पॅनलचं तेव्हा नुकसान व्हायला हवं. पण त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा. लख्ख ऊन मिळतं ऑक्टोबरपासून पुढे, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो. डिसेंबरात तर भर दुपारीही तो ४८ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून दक्षिणेकडचा कल फायद्याचा ठरतो. हे नुसत्या भूमितीतून कळत नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

अन्ना मणी १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला गेल्या. पीएच.डी. त्यांना कधीच मिळाली नाही.