चित्रांना चालविणारा कलावंत

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी वांगणी व नेरळ मागे टाकून कर्जतास येते आणि तेथून बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचते. घाटाच्या पायथ्याशी कर्जत-खालापूरचा मुलूख, तर माथ्यावर लोणावळे. या वाटेवरील वांगणी व लोणावळे ही दोन्ही गावे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या चरित्राशी निगडित आहेत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. फ्रान्समधील दागेर यांची छायाचित्रणाची कृती १८३९ मध्ये जगापुढे आली होती. प्रकाशाने उमटविलेले चित्र अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या साहाय्याने प्रकट करण्याची ही विद्या धुंडिराजांनी आत्मसात केली.

त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु तेथे प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे बडोद्यास दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी समजूत पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. तरीही त्यांनी कलेची साथ सोडली नाही. लोणावळ्यास राहून त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम केले.

पुढे मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनाने ध्यास घेतला की, आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्यात. अहोरात्र अभ्यास केल्याने दृष्टी अधू झाली, तरी उपचारांनंतर ते पुन्हा कामाला लागले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले.

आता भांडवल हवे होते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि बरेच दिवस नेमाने त्याची चित्रे टिपली. ती पडद्यावर सलग धावू लागताच महिनाभराची वाढ क्षणांत दिसली! स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक दाखविली की डोळ्यांना हालचाल भासते, हेच चलच्चित्राचे मर्म होय. ते पाहून भांडवल देणाराही पुढे आला.

‘राजा हरिश्चंद्र’ची काही दृश्ये वांगणीस घ्यायची होती. शस्त्रे घेतलेली ती मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरच आल्याचे वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. तेव्हा दादासाहेबांनी सर्व खुलासा करून त्यांची समजूत पटविली. स्त्रिया कामास मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. पत्नी सरस्वतीबाईंनी फिती धुण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सारा भार उचलला.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो चित्रपट प्रदर्शित झाला. ज्या कॅमेऱ्यास लोक एके काळी भीत होते, त्याचीच करामत पाहण्यास आता त्यांची गर्दी लोटली.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. संकटांनी खचून न जाता हाती घेतलेले काम तडीस नेणाऱ्या या कलावंताचे ते यथोचित स्मरण होय.