रुप्याचे पदक

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशी संडरलँड नावाचे बंदर आहे. तेथे १७७५ साली जॅक क्रॉफर्डचा जन्म झाला. लहानपणीच तो होड्यांवर काम करू लागला व पुढे कसलेला खलाशी झाला. त्या काळी आरमारात माणसे कमी पडली, की सरकारी टोळ्या खलाशांना बळजबरीने धरून नेत. १७९६ साली जॅकही असाच धरला गेला आणि ॲडमिरल डंकन यांच्या ‘व्हेनरेबल’ या युद्धनौकेवर दाखल झाला.

११ ऑक्टोबर १७९७ रोजी हॉलंडच्या किनाऱ्याजवळ, कॅम्परडाउन येथे इंग्रज व डच आरमारांची गाठ पडली. घनघोर लढाई जुंपली. तोफांच्या माऱ्याने ‘व्हेनरेबल’च्या डोलकाठीचा शेंडा तुटला आणि त्यावरील सेनापतीचे निशाण खाली आले. निशाण उतरणे ही शरणागतीची खूण! ते दिसेनासे झाले, तर बाकीची जहाजे धीर सोडतील, हे उघड होते. जॅकने निशाण उचलले. गोळ्यांच्या वर्षावात तो डोलकाठीवर चढला व त्याने ते खिळ्यांनी ठोकून पक्के केले. उडालेली लाकडाची ढलपी लागून त्याचा गाल फाटला. पण निशाण फडकत राहिले. इंग्रजांचा जय झाला.

या विजयाबद्दल राजाने सेनापतीला व कप्तानांना सुवर्णपदके दिली. साध्या खलाशांना पदक देण्याची तेव्हा रीत नव्हती. जॅकला वर्षाला ३० पौंडांचे पेन्शन मिळाले. पदक मात्र दिले ते त्याच्या गावकऱ्यांनी. १७९८ साली त्यांनी त्याला रुप्याचे पदक अर्पण केले.

परंतु पुढील दिवस कठीण आले. जॅकला दारूचे व्यसन जडले, दारिद्र्याने गाठले आणि ते पदकही त्याला विकावे लागले. १८३१ साली संडरलँडमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. तिच्या पहिल्या बळींमध्ये जॅक होता. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. पुढे १८४७ साली, जुन्या सागरी युद्धांत लढलेल्या साध्या खलाशांनाही पदक देण्याचे सरकारने ठरविले. पण ते हयात असलेल्यांसाठी होते. जॅकला जाऊन तेव्हा सोळा वर्षे लोटली होती.

१८९० साली संडरलँडच्या उद्यानात त्याचा पुतळा उभा राहिला. डोलकाठीला निशाण ठोकणारा जॅक त्यात दिसतो. त्याचे पदकही गावाच्या संग्रहालयात आले. वीराचा गौरव करणाऱ्यांनी त्याच्या पडत्या काळातही त्याची विचारपूस करावी, हेच ते रुप्याचे पदक सांगते.