केडगावची भाकर

आजचं वाचन : मत्तय ६:२५-३४

कंपनीत लेऑफची कुजबुज सुरू झाली की माझं पहिलं लक्ष होमलोनच्या हप्त्याकडे जातं. आज हा उतारा वाचताना पंडिता रमाबाई आठवल्या.

त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. मांडीवर तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देव सांभाळतो हे त्यांनी भरल्या पोटी मानलेलं नव्हतं.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा पुण्यात घेऊन आल्या. इथे प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. तेच पुढे 'मुक्ती' झालं. अमेरिकेहून दहा वर्षांसाठी मिळालेली मदत तेव्हा संपत आली होती. तरी दार बंद झालं नाही. रमाबाई प्रार्थना करत राहिल्या आणि विहिरी, शेती, विणकाम, छापखानाही उभा करत राहिल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास २००० जणी होत्या.

मी हा उतारा फक्त माझ्या घरापुरता वाचत होतो. त्या मुलींपर्यंत देवाची काळजी पोचली ती रमाबाईंच्या पायांनी.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एकाची नोकरी गेली. काय बोलायचं कळेना, म्हणून मी फोनच केला नाही. आज करतो.

प्रभू, माझा उद्या तुझ्या हाती. आज कुणासाठी तरी मला वापर. आमेन.