घटक ४ : वाचक हरिभाऊ – हरि नारायण आपटे यांच्या जीवनाचा परिचय

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• हरि नारायण आपटे यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• लोकप्रिय कथावाङ्मयाच्या वाचनाचा त्यांच्या लेखनावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या वाचनाकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता येईल.

४.१ प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेकांनी रहस्यकथा, साहसकथा, साप्ताहिकांतील क्रमशः कादंबऱ्या आवडीने वाचल्या असतील. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर मात हे वाचन सांगण्यासारखे नाही, असा संकोच वाटू लागतो. अभ्यासाचे पुस्तक वेगळे आणि आवडीचे पुस्तक वेगळे, अशी वाटणी आपण नकळत करून टाकतो. या घटकात आपण अशा एका लेखकाचे जीवन पाहणार आहोत, की ज्याने ही वाटणी मानली नाही. हरिभाऊ आपटे मराठी सामाजिक कादंबरीचे शिल्पकार म्हणून आपल्याला परिचित आहेतच. येथे त्यांचा विचार आपण प्रामुख्याने वाचक म्हणून करावयाचा आहे.

४.२ बालपण आणि शिक्षण

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच आई गेली. त्यांचे पालनपोषण चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयाने झाले. महादेवराव हे नामांकित वकील होते. काही वर्षे मुंबईत काढल्यावर १८७८ मध्ये हे कुटुंब पुण्यास आले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे शिक्षक हरिभाऊंना लाभले.

१८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका रचली. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यावर हरिभाऊंनी विद्यार्थिदशेतच ७२ पृष्ठांचा टीकालेख लिहिला. ज्या गुरूंविषयी आदर आहे त्यांचेही पुस्तक तपासून वाचावयाचे, ही सवय त्यांना किती लवकर जडली होती, हे यावरून ध्यानात येईल.

१८८३ मध्ये ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. साहित्यात रमणाऱ्या या विद्यार्थ्याला गणित मात्र कधीच साधले नाही आणि अखेर पदवी न घेताच त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण संपले. शिक्षण थांबले तरी अध्ययन थांबले नाही. इंग्रजी कादंबऱ्या, संस्कृत काव्ये, शेक्सपिअर व मोलिएर यांची नाटके यांचे त्यांचे वाचन चालूच राहिले. मोलिएरच्या प्रहसनावरून त्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' हे मराठी रूपांतर केले. एखादी कृती आवडली की ती आपल्या भाषेत आणून पाहणे, हा त्यांच्या वाचनाचाच एक प्रकार होता.

४.३ त्या काळचे लोकप्रिय कथावाङ्मय

हरिभाऊंच्या आधीच्या पिढीत मराठी वाचकांच्या हाती कोणते कथावाङ्मय होते, हे येथे लक्षात घ्यावे. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या अद्भुतरम्य होत्या. संकटे, विरह, योगायोग आणि शेवटी मीलन अशी त्यांची घडण असे व भाषा अलंकारांनी जड असे. 'अरेबियन नाइट्स'च्या कथाही मराठीत आल्या होत्या. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'ने (१८५७) विधवांच्या दुःखाचा विषय हाताळला होता. परंतु त्या वाटेने पुढे जाणारे फारसे कोणी निघाले नव्हते.

इंग्रजी शिकलेल्या तरुणांत त्या वेळी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा कादंबरीकार अतिशय प्रिय होता. इंग्लंडमधील प्रतिष्ठित टीकाकार त्याला कमी लेखत. हिंदुस्थानात मात्र त्याचा वाचकवर्ग मोठा होता. महानगरातील गुन्हे, गुपिते, श्रीमंतांचे दुराचार आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा ही त्याची वैशिष्ट्ये होत.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ पासून 'पुणे वैभव' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिला आधार रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीचा होता. तेव्हा हरिभाऊ अवघे २१ वर्षांचे होते. त्यांनी उसनी घेतली ती कथेची चौकट. तिच्यात भरले ते पुण्यातील मध्यमवर्गाचे जीवन. लंडनची रहस्ये वाचता वाचता या तरुणाची दृष्टी आपल्या शहरातील बंद दारांकडे वळली, ही या घटकातील मध्यवर्ती गोष्ट आहे.

४.४ 'करमणूक' आणि यमू

महादेवरावांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. प्राचीन संस्कृत हस्तलिखितांचे जतन व प्रकाशन हे तिचे कार्य. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि आनंदाश्रमाच्या संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर प्रकाशक म्हणून त्यांचे नाव छापले जाऊ लागले. १८९० मध्ये याच हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले व १९१७ पर्यंत चालविले. एका हाती पोथ्यांचे संपादन, दुसऱ्या हाती घरोघर वाचावयाच्या गोष्टी! नाव 'करमणूक' असले, तरी मनोरंजनाच्या द्वारे वाचकाला विचार करावयास लावणे हा त्यामागील हेतू होता.

याच साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. यमू ही बालपणापासूनची आपली हकीकत स्वतः सांगते. माहेर, लग्न, सासर, मुंबईस पतीच्या सहवासात वाचनलेखनाने उजळलेले काही दिवस, मग अकाली वैधव्य आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिच्यावर लादलेले केशवपन, असा हा प्रवास आहे.

भाषेच्या दृष्टीने या कादंबरीकडे अवश्य पाहावे. 'मुक्तामाले'तील स्त्रिया ग्रंथिक मराठी बोलतात. यमू बोलते ती माजघरातली मराठी. ती मध्येच थांबते, आडवळणाने जाते, स्वतःलाच दुरुस्त करते, वाचकाला समोर बसलेल्या मैत्रिणीसारखे विचारते. पुढे काय झाले ही उत्कंठा रेनॉल्ड्सच्या कादंबरीत गुन्ह्याच्या उकलीसाठी असते; येथे ती एका मुलीच्या भवितव्यासाठी आहे. आठवड्यामागून आठवडे यमूची सोबत केलेल्या वाचकाला तिच्या केशवपनाकडे दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहणे शक्य राहत नाही. निबंधाने जे बुद्धीला पटते, ते क्रमशः कथेने घरातलेच दुःख होऊन बसते.

पुरुष लेखकाला हा आवाज कसा साधला, याचा विचार करताना काशीबाई कानिटकर यांचे स्मरण ठेवावे. विवाहानंतर वाचावयास शिकलेल्या काशीबाई पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. त्या व त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी हरिभाऊंचा दीर्घ स्नेह होता. वाङ्मयावर बरोबरीने बोलणारी स्त्री वाचक त्यांना लाभली होती.

४.५ उत्तरकाल आणि मर्यादा

ऐतिहासिक कादंबऱ्यांतही हरिभाऊंच्या वाचनाच्या खुणा आढळतात. 'म्हैसूरचा वाघ' मेडोज टेलरच्या कादंबरीवर आधारलेली आहे; 'उषःकाल' (१८९५–९७) आणि 'वज्राघात' (१९१३–१५) यांत मात्र त्यांचे स्वतंत्र सामर्थ्य दिसते. क्रमशः लेखनाचे दोषही त्यांना चिकटले. पाल्हाळ, योगायोगांची गर्दी आणि अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या यांकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. आवडत्या लेखकाचे दोष सांगण्यास कचरू नये, हे त्यांच्याच पहिल्या टीकालेखापासून शिकावे.

१९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन फिलॉलॉजिकल व्याख्यानमालेत मराठीविषयी व्याख्याने देण्याचा मान पदवी नसलेल्या या गृहस्थास लाभला. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची ५५ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा पाच दिवस उरले होते.

४.६ सारांश

हरिभाऊंनी लोकप्रिय कथांचे वाचन मनापासून केले, त्यांतील उत्कंठेचे तंत्र ओळखले आणि ते आपल्या समाजातील दुःख सांगण्यासाठी वापरले. वाचन हलके की भारी, हे केवळ पुस्तकावर ठरत नाही. वाचक त्याचे पुढे काय करतो, यावरही ते अवलंबून असते.

४.७ स्वाध्याय

१) 'मधली स्थिती' या कादंबरीने रेनॉल्ड्सकडून काय घेतले व काय बदलले, ते लिहा.
२) यमूच्या निवेदनातील भाषेची वैशिष्ट्ये सांगा.
३) आपण बालपणी किंवा तरुणपणी आवडीने वाचलेली एक लोकप्रिय कथा निवडा. तिने आपल्याला कशाने धरून ठेवले, आज तिच्यात कोणते दोष दिसतात आणि तरीही तिचे काय उरले, हे दीडशे शब्दांत लिहा. उत्तर लिहिताना पुस्तक कमी प्रतिष्ठेचे आहे, याचा संकोच बाळगू नका.