पाटी दुसऱ्याच्या नावाची

भाड्याने घर देताना मालक आधी भाडेकरूची पत पाहतो. ज्याच्या दारात रोज सावकार उभा, त्याला घर कोण देणार? थोर फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक याला या प्रश्नाने जन्मभर छळले. त्याचे उत्तर मात्र ठरलेले असे: घर दुसऱ्याच्या नावावर घ्यायचे!

१७९९ साली तूर शहरात जन्मलेल्या बाल्झाकने वकिली सोडून लेखणी धरली. लेखनावर पोट भरेना, म्हणून प्रकाशन, छापखाना, खिळे पाडण्याचा कारखाना असे धंदे एकामागून एक केले. १८२८ साली सगळेच बुडाले. डोक्यावर सुमारे ६० हजार फ्रँकांचे कर्ज राहिले. त्यातला मोठा वाटा खुद्द त्याच्या आईचा होता.

त्याच वर्षी त्याने पॅरिसच्या कासिनी रस्त्यावर बिऱ्हाड थाटले, ते बहिणीच्या नवऱ्याच्या नावावर. पुढे शायो भागातल्या जागेची भाडेकरू होती कुणी विधवा दुराँ. ही बाई केवळ कागदावरच नांदत होती!

दोष सगळा नशिबाचा नव्हता. पैसा हाती येण्याआधीच उंची कपड्यांत आणि सामानसुमानात उडालेला असे. मुद्रितांत तो इतकी खाडाखोड करी, की दुरुस्त्यांचा खर्च त्याच्याच मोबदल्याला खाई. १८३७ साली सेव्हर येथे जमीन घेऊन त्याने स्वतःचे घर बांधले. तीन वर्षांत तेही सोडावे लागले.

ऑक्टोबर १८४० मध्ये तो पासीला आला. तेव्हा ते पॅरिसबाहेरचे गाव होते. या वेळी भाडेकरू म्हणून नाव लागले घर सांभाळणाऱ्या मादाम द ब्रुन्योल यांचे. घर उतारावर होते. वरच्या रस्त्यावर एक दार, खालच्या गल्लीत दुसरे. परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय पाहुण्याला आत प्रवेश नसे. वरच्या दाराशी देणेकरी आला, की हा खालून पसार! फ्रान्समध्ये कर्जापायी तुरुंगात टाकण्याची पद्धत १८६७ पर्यंत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या लपाछपीतली भीती समजते.

या चोरट्या बिऱ्हाडात त्याने जवळजवळ सात वर्षे काढली. मध्यरात्री उठायचे, कॉफीवर कॉफी प्यायची आणि लिहायचे. हुंड्या, व्याज, जप्ती यांनी भरलेले त्याच्या कादंबऱ्यांतले जग इतके खरे का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

या खटाटोपाची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. आईचे पैसे अडकले ते अडकलेच. जिच्या नावाच्या आडोशाने छप्पर मिळाले, तिच्याशी शेवटी कडवट भांडण झाले. कारण बाल्झाकला आता श्रीमंत विधवा हान्स्का हिच्याशी लग्न करायचे होते.

१८४६ साली त्याने पॅरिसमध्ये घर विकत घेऊन थाटात सजवले. मार्च १८५० मध्ये लग्न झाले. मे महिन्यात नवरानवरी रात्री दाराशी पोचली, तर आतल्या नोकराला वेड लागलेले. कुलूपवाल्याला बोलावून दार उघडावे लागले. १८ ऑगस्टला बाल्झाक गेला. उरलेले कर्ज पत्नीने फेडले.

ते हौसेचे घर पुढे पाडले गेले. पासीचे भाड्याचे घर मात्र उभे आहे. आज ते संग्रहालय आहे, आणि आता तिथे पाटी आहे ती बाल्झाकच्याच नावाची.