बाटल्या धुणारा पोरगा आणि वीज वाहणारं प्लॅस्टिक

वायरवर प्लॅस्टिक का असतं? शॉक बसू नये म्हणून. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, हे आपण शाळेत पाठ केलेलं. ॲलन मॅकडायर्मिड यांनी ते खोटं ठरवलं आणि २००० साली हिदेकी शिराकावा व ॲलन हीगर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल पटकावलं.

सुरुवात मात्र साधी. १९२७ मध्ये न्यूझीलंडच्या मास्टरटनमध्ये जन्म. मंदीचे दिवस, घरात पाच भावंडं. वडिलांचं केमिस्ट्रीचं जुनं पुस्तक सापडलं आणि पोराला नाद लागला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया कॉलेजात तो लॅब बॉय झाला. झाडू मारायचा, काचेची भांडी धुवायची आणि सोबत शिकायचं. मास्टर्सला विषय घेतला गंधक-नायट्रोजनच्या नारिंगी स्फटिकांचा.

पुढे विस्कॉन्सिन आणि केंब्रिज अशा दोन पीएचडी, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नोकरी. १९७५ मध्ये जपानला गेल्यावर त्यांनी गंधक-नायट्रोजनचा सोनेरी पॉलिमर दाखवला. शिराकावांनी त्यांना दाखवली पॉलिॲसिटिलीनची चंदेरी फिल्म. तिची जन्मकथा भारीच! लॅबमध्ये कॅटॅलिस्ट चुकून हजारपट जास्त पडला होता. मॅकडायर्मिडनी शिराकावांना थेट अमेरिकेत बोलावलं. तिथे आयोडिनची वाफ दिल्यावर फिल्मची वीज वाहण्याची क्षमता कोटीपट वाढली. १९७७ मध्ये हे जगासमोर आलं.

पण पॉलिॲसिटिलीन हवेत टिकेना. मग मॅकडायर्मिड पॉलिॲनिलीनकडे वळले. ॲसिडमध्ये ॲनिलीन घ्यायचं, थंड ठेवून ऑक्सिडायझर घालायचा, की हिरवी पूड तयार. ॲसिड असेपर्यंत ती वीज वाहते. अल्कलीने धुतली की निळी पडते आणि करंट बंद!

खरी परीक्षा पुढेच होती. हृदयाचे स्नायू विजेच्या इशाऱ्यावर चालतात. मग त्यांना आधार द्यायला असं प्लॅस्टिक चालेल? शरीरात ॲसिड निघून जातं, वीज कमी होते. शिवाय पूड नीट धुतली नाही, तर उरलेली रसायनं पेशींना घातक. २००६ मध्ये मॅकडायर्मिड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदराच्या हृदयाच्या पेशी पॉलिॲनिलीनच्या फिल्मवर चिकटतात आणि वाढतात. जिलेटिन मिसळून काढलेल्या बारीक धाग्यांवरही वाढतात.

फेब्रुवारी २००७ मध्ये ते गेले, वय ७९. शरीरात ही वीज टिकवायची कशी, यावर आजही लॅबमध्ये डोकेफोड चालू आहे. बाटल्या धुण्यापासून सुरुवात करणाऱ्या कुणाला तरी ते जमेलही.